मुआनाच्या बापाचा ढोल

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजवर या वहीत पाऊस, आल्याचं पीक आणि डुकराचं वजन याशिवाय मी फारसं काही लिहिलेलं नाही. आज काय लिहावं ते कळत नाही. शुक्रवारी आमचा मुआना गेला. आलं भरून ऐजॉलला निघाला होता, खालच्या वळणावर पिकअप दरीत गेली. एकुलता एक होता. शनिवारी माती दिली. खड्डा गावच्या पोरांनी खणला, पेटी मी केली. लोक नको नको म्हणत होते. पण सुतार मी आहे. दुसऱ्या कोणी केली असती तर फळ्या नीट बसल्या नसत्या आणि ते मला जन्मभर खुपलं असतं.

माती झालेल्या घरी रोज संध्याकाळी गाव जमतं आणि गातं. माझं सगळं आयुष्य अशा घरांत ढोल वाजवण्यात गेलं. मुआनाची आई रोथुआमी ओळ पुढे करायची, म्हणजे प्रत्येक ओळ गायच्या आधी ती खणखणीत आवाजात सांगायची आणि मग सगळे गायचे. पुस्तक उघडायची गरज पडायची नाही. तिनं ओळ टाकायची, मी ठोका टाकायचा. या डोंगरावर असं दुसरं जोडपं नाही असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं.

पण ज्याच्या घरी माती झाली त्यानं ढोलाला हात लावायचा नसतो. त्यानं नुसतं बसायचं, लोक त्याच्यासाठी गातात. म्हणून ढोल शेजारच्या देंगाकडे गेला. देंगा डुकरं पाळतो. डुकरं चांगली पाळतो.

शनिवारी सोसलं. काल घर गच्च भरलेलं, जिन्यावरसुद्धा माणसं. मुआनाची आई भिंतीला टेकून बसलेली, अंगावर काळा पुआन गुंडाळलेला. ओळी शाळेचे मास्तर सांगत होते. एक गाणं असं लागलं की ते चढायलाच हवं, आणि देंगा ते चिखलातून ओंडका ओढावा तसं ओढत होता. माणसं पुढे, ढोल मागे. माझ्या अंगाला नुसती खाज सुटली. मी उठलो, त्याच्या हातातलं टिपरू घेतलं आणि म्हटलं, "सरक."

तो बिचारा सरकला.

पुढचं लिहायची लाज वाटते. ठोका पडला, गाणं सरळ झालं. म्हातारी थांगी उठली, तिच्यामागे आणखी बायका उठल्या, मधल्या मोकळ्या जागेत गोल झाला आणि सगळे डोलायला लागले. रडत होते आणि हसतही होते. माझ्या छातीत काहीतरी सुटलं. आनंद झाला मला. दुसरा शब्द सापडत नाही. पोराला मातीत ठेवून दोन दिवस झाले नाहीत आणि बापाला आनंद झाला! मी तोंड वर करून गात होतो, घामानं निथळत होतो.

गाणं संपल्यावर मुआनाच्या आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

चर्चच्या मंडळीचे कारभारी, म्हणजे उपा, झुआला आले. चुलीजवळ बसले. मग म्हणाले, "कापलियाना, रविवारी तुझ्या घरात पवित्र आत्मा उतरला होता."

म्हटलं, "उपा, देंगा ठेका सोडत होता."

"प्रभू कशातूनही काम करून घेतो. एकदा तर गाढवाच्या तोंडून बोलला होता."

"हे देंगाला सांगू का?"

ते हसले नाहीत. मार्चमध्ये आसपासच्या गावांच्या मंडळ्या आमच्याकडे जमणार आहेत. शनिवारच्या उपासनेत मी साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं. दुःखात आनंद कसा मिळाला, ते सांगायचं. "लोकांना याची फार गरज आहे रे," म्हणाले. "उपदेश आम्ही करतोच. पण सोसलेल्या माणसानं सांगितलं की ते आत उतरतं."

बघतो म्हटलं. नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कुठल्या तोंडानं म्हणणार?

मुआनाच्या आईनं काळा चहा आणून ठेवला. उपांच्या कपाशेजारी गुळाचा खडा होता. माझ्या कपाशेजारी नव्हता. विसरली की मुद्दाम केलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तसाच प्यायलो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गावानं मला नवीन नाव दिलंय. कालपर्यंत सगळ्यांसाठी मी "मुआनाचा बाबा" होतो आणि ती "मुआनाची आई." आता दुकानात गेलो तर "या पु कापलियाना," पाणवठ्यावर भेटलं कोणी तर "काय पु कापलियाना." पु म्हणजे श्रीयुत, सरकारी कागद वाचल्यासारखं. मुआनाचं नाव तोंडात आलं की गिळून टाकतात. चांगल्या मनानं करतात, हे कळतं मला. तरी घरी येईपर्यंत अंगावरचा सदरा कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

सकाळी बायका तिला भेटायला आल्या. "पि रोथुआमी, बरं आहे ना?" तिनं मान वर केली नाही. तेवढ्यात थांगी दारातूनच ओरडली, "मुआनाची आई! अगं मुआनाची आई, मोहरीची पानं आणलीत, घे!" बाकीच्या बायकांचे चेहरे पडले. थांगीला पहिल्यापासून पोच नाही. पण ही उठली, तिच्याजवळ जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत दोघी पानं निवडत होत्या. मूठभर पानं निवडायला एवढा वेळ कसा लागतो देव जाणे.

माझ्याशी अजून अबोलाच. जेवण वाढते, कपडे धुते, दिवा लावते. शब्द नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. चूल पेटवायच्या आधी भाताच्या तांदळातून एक मूठ काढून देवाच्या डब्यात टाकायची, ही आमच्याकडे घरोघरची रीत. मंडळीच्या बायका येऊन तो तांदूळ गोळा करतात. आज आमचा डबा उघडला तर वर शीग आलेली. गोळा करणारी म्हणाली, "अगंबाई!"

मला वाटलं चुकून झालं असेल. संध्याकाळी मुद्दाम चुलीजवळ बसलो. तिनं तिघांऐवजी आता दोघांपुरता तांदूळ काढला. त्यातली एक मूठ डब्यात टाकली. मग मोठ्या पिंपातून आणखी एक मूठ घेतली आणि तीही टाकली.

म्हटलं, "अगं, एकच मूठ असते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चुलीत फुंकर घालायला लागलो. चूल तर पेटलेलीच होती.

दुःखानं माणसाचं भान सुटतं. मी काही बोलणार नाही. तांदूळ काय, देवाकडेच जातोय.

३ मार्च, शनिवार

साक्ष लिहायला बसलो. "प्रभूनं माझं दुःख आनंदात बदललं" असं लिहिलं आणि खोडलं. दुःख कुठे बदललंय? ते जिथल्या तिथे आहे. मुआनाचे बूट दाराशी आहेत, मी रोज त्यांना वळसा घालून जातो. मग "प्रभूनं मला दुःख सोसायची ताकद दिली" असं लिहिलं. तेही खोडलं. ताकद कसली, सकाळी रंधा हातात धरवत नाही.

पाळक म्हणतात, दुःखात आनंद माना, त्यातून माणूस पक्का होतो. मला तो मानावा लागला नाही, आपणहून आला. आणि मी पक्का झालो नाही, पार खिळखिळा झालोय. काहीतरी उलटं झालंय माझ्या बाबतीत.

दुपारी गुडघे टेकून सरळ विचारलं: तो तू होतास का? की नुसता ठेका होता? तू होतास, तर मग मुआनाच्या आईला का नाही दिलंस? माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगली आहे, मी तर प्रार्थनेत पेंगतो. आणि नुसता ठेका असेल, तर मी कसला बाप? बाहेर देंगाची डुकरं ओरडत होती.

मग एक वेडेपणा केला. कामाच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि फळीवर बोटांनी तोच ठेका धरला. पुन्हा येतो का बघू म्हटलं. काही आलं नाही. स्वयंपाकघरात ती भाजी चिरत होती, सुरीचा आवाज मधेच थांबला. मी थांबलो तसा सुरू झाला. पुन्हा वाजवून पाहिलं, पुन्हा सुरी थांबली. माझा ढोल तिला आता ऐकवतसुद्धा नाही. ठरवलं, यापुढे टिपरू हातात धरायचं नाही.

१० मार्च, शनिवार

दिली साक्ष. म्हणजे काय दिलं ते मलाच माहीत नाही.

देऊळ भरलं होतं, बाकांच्या मधेही माणसं बसली होती. उपांनी माझी ओळख करून दिली, "दुःखात आनंद सापडलेला आमचा भाऊ." मी उभा राहिलो. कागद खिशात होता, तो काढलाच नाही.

म्हटलं, "त्या दिवशी मी उठलो, कारण देंगा वाईट वाजवत होता."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं देंगा हसला.

"मी उठलो ते ठेका सुधारायला. देवबिव मनात नव्हता. मग आनंद आला. कुठून आला माहीत नाही. पण तो आला तेवढा वेळ मुआना मेलाय हे मी विसरलो होतो. माझं पोर मेलंय, त्याच्यासाठी लोक गातायत, आणि मी त्याला विसरून खुशीत गातोय. तुम्ही म्हणता तो आत्मा होता. असेल. पण बापाला पोर विसरायला लावतो, तो कसला आनंद? मला कळत नाही. कोणाला कळत असेल तर त्यानं सांगावं."

उपांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी खाली बसलो. बायकांच्या बाजूला पाहायचा धीर झाला नाही.

बाहेर पडताना परगावचा एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि माझा हात धरून नुसता उभा राहिला. त्याच्या घरी काय झालं होतं कोण जाणे.

११ मार्च, रविवार

ती बोलली.

सकाळी मी बूट घालत होतो. मागून आवाज आला, "मुआनाच्या बापा."

माझ्या हातातली नाडी सुटली. महिना झाला, मला या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

"तू काल सगळ्यांसमोर जे बोललास ते खरं का?"

"कुठलं?"

"विसरला होतास ते."

"हो," म्हटलं. "मला माफ कर. तू चिडणारच. पोराच्या मातीवर..."

"गप," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी चिडले नाही. विसरलास तर विसरलास, बरं झालं, घटकाभर तरी सुटलास. पण मला तिथे एकटीला आठवत बसवलंस ना! सगळी उठली. थांगी उठली, तिचे गुडघे धड नाहीत, तीसुद्धा उठली. तू तोंड वर करून गात होतास. मी भिंतीला टेकून वाट बघत होते, आता मलाही येईल, आता येईल. तुला आलं. मला कुठे आलं?"

म्हटलं, "मी देवाला हेच विचारलं होतं."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही."

"मलाही काही नाही म्हणाला," ती म्हणाली आणि देवळात जायला निघाली. अर्ध्या रस्त्यात मागे वळली. "तुझी नाडी सुटलीये. पडशील."

मी तिच्या मागून चालत राहिलो. मला वाटलं होतं माझा आनंद हेच पाप आहे. आता ती म्हणते तिलाही तो हवा होता. आधी एकच गोष्ट कळत नव्हती, आता दोन कळत नाहीत.

३० मार्च, शुक्रवार

ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस. हल्ली आम्ही बोलतो, लागेल तेवढं. चहाबरोबर गूळ असतो.

पाळकांनी वधस्तंभापाशी उभ्या असलेल्या मरीयेवर उपदेश केला. तिचं दुःख, तिचा विश्वास, तिची शांती. घरी येताना ही म्हणाली, "तिला बिचारीला कोणी साक्ष द्यायला तरी सांगितलं नाही."

मला हसू आलं. मग वाटलं हसायला नको होतं. पण तीही किंचित हसली असं वाटलं. नक्की सांगता येत नाही, उन्हासाठी तिनं पुआन डोक्यावरून घेतला होता.

मी विचारलं, "तू पुन्हा ओळ नाही का सांगणार? मास्तर पुस्तकात बघून सांगतात. तोपर्यंत माणसं जांभया देतात."

"तोंड उघडलं तर ओळ येईल की काय येईल, मला भरवसा नाही," म्हणाली.

४ एप्रिल, बुधवार

देंगाची आई पहाटे गेली. आजारी होतीच, तरी देंगा लहान पोरासारखा रडला. पेटी करून दिली. दुपारी तोच माझ्याकडे आला, डोळे सुजलेले.

"पु काप, उद्या माती, संध्याकाळी घरी गाणी आहेत. ढोल तुम्ही वाजवाल ना?"

"मी सोडलंय ते, देंगा."

"का?"

म्हटलं, "दुसरा कोणी बघ."

"दुसरा कोण आहे? मीच आहे." त्यानं नाक पुसलं. "ठीक आहे. माझ्याच आईची माती, मीच वाजवतो. तुम्हीही तसंच केलंत."

तो अगदी मनापासून बोलत होता. ती म्हातारी जन्मभर त्याची डुकरं ऐकत राहिली, आता मेल्यावर तिनं त्याचा ढोलही ऐकायचा?

"येतो," म्हटलं.

आतून मुआनाची आई म्हणाली, "मीही येते."

६ एप्रिल, शुक्रवार

कालचं आज सकाळी लिहितोय. काल हात चालत नव्हता.

देंगाच्या घरी मी ढोलाशी बसलो. ती बायकांत, देंगाच्या बायकोला टेकून. मास्तर ओळी सांगत होते. मी सरळ वाजवलं, एक ठोका इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आत काही हललं नाही आणि मी म्हटलंही, नकोच हलायला.

मग मास्तरांना पान चुकलं. चष्मा पुसतायत, पानं उलटतायत, गाणं अधांतरी. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी नुसता ठेका धरून ठेवला. आणि तिनं ओळ टाकली.

पहिले दोन शब्द आले आणि आवाज फाटला. पुढे काहीच नाही. तिचं तोंड उघडं, हात छातीवर. ठेका म्हणतो, ओळ आत्ता यायला हवी. माझे हात म्हणतात, वाजव. या हातांनी आजवर कोणासाठी ठेका सोडलेला नाही, पाळकांसाठी नाही, मुआनाच्या मातीलाही नाही.

मी टिपरू वर धरलं आणि थांबलो.

ढोल थांबला तसं सगळं घर थांबलं. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग उरलेली ओळ आली. फाटक्या, बेसूर आवाजात, आणि कडवंही चुकलेलं. ती जिथे संपली तिथे मी ठोका दिला. पुढच्या ओळीला ती पुन्हा अडकली, मी पुन्हा थांबलो. असं अख्खं गाणं झालं. ठेका असा उरलाच नव्हता. ती जाईल तिथे मी जात होतो आणि आमच्या मागून गाव येत होतं.

तिसऱ्या कडव्याला ती उठली. डोळ्यांतून धार लागली होती, ओळ तोंडात होती. एका हातानं तिनं देंगाच्या बायकोला उठवलं, दुसऱ्या हातानं पुआन सावरला आणि मधल्या मोकळ्या जागेत गेली. मला ती धड दिसेना, मधे माणसं आली. मी ढोलावर ओणवा होऊन माणसांच्या फटीतून तिचं तोंड शोधत होतो, पुढची ओळ कधी येते ते कळावं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. प्रार्थनाही नव्हती.

घरी येताना उतारावर ती थांबली.

"मुआनाच्या बापा, आला का रे तुला? त्या दिवशीसारखा?"

"नाही," म्हटलं. खरंच आला नव्हता. वेळच कुठे होता?

ती कुंपणाच्या बांबूला धरून उभी राहिली. खांदे हलत होते. मला वाटलं पुन्हा रडतेय, म्हणून मी जवळ गेलो.

"मला आला," ती म्हणाली.

आणि मग ती खरोखर रडायला लागली, मोठमोठ्यानं, तोंड न झाकता. दोन घरांतून लोक बाहेर आले. मी त्यांना हातानं आत जा म्हटलं आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.